मोबाईल स्टार्टरच्या डब्याचं ईएमसी टेस्टिंग: कामाच्या नोंदी

४ जून २०२४

ईएमसी टेस्टिंग म्हणजे डबा बाहेरचा विजेचा नॉईज सोसतो का आणि स्वतः किती नॉईज बाहेर सोडतो ते तपासणं. शेतातल्या पंपाच्या स्टार्टर पॅनलमधे बसणारा डबा आहे. आत २जी मॉड्यूल, मायक्रोकंट्रोलर, तीन फेजचं सेन्सिंग, मोटरचा करंट बघायला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), टाकीतलं पाणी सांगणाऱ्या फ्लोटची वायर आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला लाईट देणारा मोठा स्विच, ओढायला रिले. शेतकरी घरून मिस्ड कॉल किंवा मेसेज देतो, पंप सुरू होतो. रात्रीच्या थ्री फेज लाईटला माणसाला विहिरीवर जायला लागू नये यासाठीच हा सगळा खटाटोप, त्यामुळे डबा हँग झाला की त्याचा काही उपयोगच राहत नाही.

शिरोळकडच्या नदीकाठच्या काही पंपांवरून एकच तक्रार येत होती, पंप बंद केला की डबा गप्प होतो, परत मेसेज घेत नाही, मेन स्विच पाडून चढवला की चालू. म्हणजे कॉन्टॅक्टर सुटताना काहीतरी होतंय. त्यात आता एका खरेदीदाराने एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट मागितलाय. त्याच्या शीटमधे आयईसी ६१०००-४-२ म्हणजे ईएसडी (स्थिर विजेची ठिणगी), ४-४ म्हणजे ईएफटी (बारीक वेगवान टोच्यांचा मारा), ४-५ म्हणजे सर्ज (मोठा झटका), ४-११ म्हणजे व्होल्टेज डिप (व्होल्टेज क्षणभर बसणं), आणि एमिशनसाठी, म्हणजे डब्यातून बाहेर पडणाऱ्या नॉईजसाठी, सिस्पर ११ क्लास बी. आपल्याकडे ६१००० हीच मालिका आयएस १४७०० या नंबरने आहे, त्यामुळे कुणी आयएस नंबर लिहून दिला तर दचकू नका, टेस्ट त्याच.

लॅब पुण्यात, आम्ही कुपवाड एमआयडीसीत. लॅबला तासावर पैसे जातात, वर १८ टक्के जीएसटी, आणि तिथे बसून सोल्डरिंग करत दोष शोधणं परवडत नाही. म्हणून ठरवलं की जे काही फेल होणार आहे ते आधी इथेच टेबलावर फेल करून बघायचं. पावसाळ्यात पंप बंद असतात, तेवढीच सवड.

८ जून

ईएफटीचा जनरेटर विकत घेणं शक्य नाही. पण ही टेस्ट मुळात आलीय कुठून ते बघितलं तर वाट सापडते. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना कॉन्टॅक्टमधे ठिणग्यांची जी माळ लागते तिचीच ही नक्कल, एकेक पल्स ५ नॅनोसेकंदात चढतो, ५० नॅनोसेकंदात निम्म्यावर येतो, आणि असे पल्स १५ मिलिसेकंदाच्या गुच्छात, गुच्छ दर ३०० मिलिसेकंदाला. आमच्या डब्याशेजारी तर खरा कॉन्टॅक्टरच बसलेला असतो.

म्हणून एक जुना कॉन्टॅक्टर घेतला, त्याची कॉइल त्याच्याच एनसी कॉन्टॅक्टमधून (एरवी जोडलेला, ओढल्यावर तुटणारा) फिरवली. लाईट दिली की तो ओढतो, ओढला की स्वतःचीच लाईट तोडतो, सुटतो, परत ओढतो. नुसता थडथडत राहतो आणि प्रत्येक वेळी ठिणगी. कॉइलच्या टोकावरून एक वायर काढून ती साधारण १ मीटर लांब ॲल्युमिनियम फॉइलला जोडली, आणि ती फॉइल डब्याच्या एकेका केबलभोवती इन्सुलेशनवरूनच गुंडाळली. लॅबमधला कॅपॅसिटिव्ह क्लॅम्प पण १ मीटरचाच असतो आणि तोही वायरला हात न लावता पत्रा आणि वायरमधल्या कॅपॅसिटन्समधूनच नॉईज ढकलतो. आपल्या फॉइलमधून किती किलोव्होल्ट जातंय ते कळत नाही, पण कुठली केबल कच्ची आहे ते बरोबर कळतं.

हे करणाऱ्यांसाठी कळकळीने सांगतोय, कॉइलच्या टोकावर हजारो व्होल्टचे टोचे असतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, फॉइलवर टेप गुंडाळा, चालू असताना हात खिशात ठेवा, आणि शेजारी दुसरा माणूस असू द्या.

डब्याखाली एक मोठा ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला आणि तो अर्थ केला. पत्रा नसताना काहीच होत नव्हतं, पत्रा ठेवल्यावर लगेच रिसेट यायला लागले. कारण हा करंट कॉमन मोडचा आहे, म्हणजे सगळ्या वायरींतून एकाच दिशेने जाणारा, केबलमधून आत येतो, बोर्डभर फिरतो आणि बोर्ड आणि पत्र्यातल्या कॅपॅसिटन्समधून परत जातो. परतीची वाटच नसेल तर टेस्ट झालीच नाही.

१२ जून

फेजच्या वायर, सीटीच्या वायर, अँटेना, फ्लोटची केबल, सगळ्यांवर फॉइल फिरवून झाली. फेजच्या बाजूने फार त्रास नाही, कारण तिथे ओळीने मोठे रेझिस्टर आहेत. फ्लोटच्या केबलवर मात्र फॉइल ठेवली की पाच-दहा सेकंदात रिसेट, आणि कधीकधी रिसेटही नाही, नुसता गप्प. शेतातली तक्रार ती हीच. पॅनलमधे बघाल तर फ्लोटची केबल आणि कॉन्टॅक्टर कॉइलच्या वायर वायरमनने एकाच झिप टायमधे बांधलेल्या असतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, पॅनल नीटनेटकं दिसावं म्हणून तो तसं करणारच. डब्यानेच ते सोसायला हवं.

पार्टनरचं म्हणणं होतं की वॉचडॉग, म्हणजे हँग झालेल्या कंट्रोलरला आपोआप रिसेट करणारा टायमर, टाकला की प्रश्न मिटला. वॉचडॉग हवाच, पण तो उपाय नाही. रिसेट झाला की रिलेची पिन काही क्षण मोकळी होते आणि चालू पंप बंद पडू शकतो. परफॉर्मन्स क्रायटेरियामधे बी म्हणजे टेस्ट चालू असताना थोडं बिघडलं तरी आपोआप मूळ जागी आलं पाहिजे. डिस्प्ले लुकलुकला तर चालेल, पण मोटर स्वतःहून सुरू किंवा बंद होणं आम्ही चालवून घेणार नाही असं टेस्ट प्लॅनमधेच लिहिलंय. लॅबला हे आपणच लिहून द्यायचं असतं. ते मोघम लिहिलं की नंतर पास-फेलवरून घोळ होतो.

बोर्डावर बघितलं तर फ्लोटचा कनेक्टर बोर्डाच्या एका टोकाला, तिथून ट्रॅक अख्खा बोर्ड ओलांडून कंट्रोलरच्या पिनपर्यंत, आणि फिल्टरचा कॅपॅसिटर कंट्रोलरजवळ. म्हणजे नॉईजला आपणच घरात घेतलं आणि मग माजघरात अडवायला गेलो. रिसेट पिनचा १० किलोओहम पुलअप पण लांब होता आणि पिनवर कॅपॅसिटर नव्हता.

केलेले बदल असे. फ्लोटच्या दोन्ही वायरींना कनेक्टरला चिकटून १ किलोओहम सिरीज आणि १ नॅनोफॅरड. हे कॅपॅसिटर बोर्डाच्या मधल्या ग्राउंडला न जोडता कनेक्टरच्या रांगेखाली केलेल्या वेगळ्या कॉपरच्या पट्टीला, आणि ती पट्टी एकाच जागी पॉवर सप्लायच्या वाय कॅपॅसिटरपाशी (ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना जोडणारा सुरक्षित कॅपॅसिटर) जोडलेली. रिसेट पिनवर १०० नॅनोफॅरड, अगदी पिनला लागून. ट्रॅक कापून, वायर टाकून केलं, दिसायला ओंगळ, पण फॉइल तासभर थडथडत ठेवली आणि एकही रिसेट नाही.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर देता येतो, म्हणजे सिरीजमधे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, त्याने ठिणगीच कमी होते. पण इथे एक धोका आहे. शेतीच्या स्टार्टरमधे कॉइल बरेचदा ४१५ व्होल्टची असते आणि बाजारात सहज मिळणारा एक्स२ कॅपॅसिटर (लाईटच्या दोन वायरींमधे लावायचा) २७५ नाहीतर ३१० व्होल्ट एसीचा. तो लावला तर आज ना उद्या जाणार. निदान ४४० व्होल्ट एसीचा एक्स१ लागतो. आम्ही स्नबर ॲक्सेसरी म्हणून देणार आहोत, पण टेस्ट त्याच्याशिवायच पास करायची.

१९ जून

कंडक्टेड एमिशन. डब्यातून लाईटच्या वायरमधे किती नॉईज जातो ते १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झमधे मोजायचं. लाईट आणि डब्याच्या मधे लिसन लागतो, म्हणजे नॉईज मोजायला वेगळा काढून देणारं फिल्टर, ५० मायक्रोहेन्री आणि ५० ओहमचा. घरी बनवला, सिंगल फेजचा. लाईट दिली की आरसीसीबी (अर्थला करंट गळला की पडणारा स्विच) पडला. बराच वेळ वायरिंगमधे शॉर्ट शोधण्यात गेला, पण शॉर्ट नव्हताच. लिसनमधे लाईन आणि अर्थमधे जो १ मायक्रोफॅरड असतो त्यातूनच २३० व्होल्टला ७२ मिलिॲम्प अर्थला जातो, आणि आरसीसीबी ३० मिलिॲम्पचा. तो पडणारच. आरसीसीबी बायपास करू नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून लिसन चालवा आणि सगळ्यात आधी लिसनची अर्थ पक्की करा.

दुसरं, स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या तोंडाशी ॲटेन्युएटर आणि लिमिटर हवाच. आणि लाईट चालू-बंद करताना त्याची केबल काढून ठेवायची, नाहीतर स्विचिंगचा एक टोचा त्याचा फ्रंट एंड उडवतो. छोटा ॲनालायझर असला तरी आपल्याला ते नुकसान मोठं आहे.

आमचा फ्लायबॅक, म्हणजे डब्यातला स्विचिंग पॉवर सप्लाय, ६५ किलोहर्ट्झचा. हा आकडा इतका प्रचलित आहे त्याला कारण आहे, मूळ ६५ आणि दुसरा हार्मोनिक (मूळच्या दुप्पट) १३० हे दोन्ही १५० च्या खाली राहतात. पहिला सापडणारा तिसरा, १९५ किलोहर्ट्झ. तिथे क्लास बीची क्वासी पीक लिमिट (क्वासी पीक आणि ॲव्हरेज या मोजण्याच्या दोन पद्धती) साधारण ६४ डीबी मायक्रोव्होल्ट आणि ॲव्हरेज ५४, कारण १५० ते ५०० किलोहर्ट्झमधे लिमिट ६६ वरून ५६ वर उतरत जाते आणि ॲव्हरेज तिच्याखाली १० डीबी. पीक डिटेक्टरवर आलेला आकडा ॲव्हरेज लिमिटच्याही खाली असेल तर निर्धास्त राहा. आमचं १९५ ला क्वासी पीक लिमिटच्याही वर होतं, आणि १२ ते २० मेगाहर्ट्झमधे एक मोठा फुगवटा.

दोन्हीचं मूळ वेगवेगळं निघालं. लाईनमधे ०.४७ मायक्रोफॅरडचा एक्स कॅपॅसिटर तात्पुरता टाकला, १९५ चा खांब लगेच बसला. म्हणजे तो डिफरन्शियल, एका वायरने जाऊन दुसरीने परत येणारा. फुगवटा जागचा हलला नाही, पण केबलवर फेराइटचा क्लॅम्प अडकवला तर खाली आला. म्हणजे तो कॉमन मोड. हे दोन प्रयोग करायला दहा मिनिटं लागतात आणि आठवडा वाचतो. मी फोरममधे, ग्रुपवर लोकांना बघतो, आधी मोठा चोक (फिल्टरची कॉइल) मागवतात, मग विचारतात की फरक का पडला नाही.

२६ जून

फुगवट्यामागे लागलो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी-सेकंडरीमधल्या कॅपॅसिटन्समधून मॉसफेटच्या (पॉवर सप्लायचा स्विचिंग ट्रान्झिस्टर) ड्रेनचा नॉईज सेकंडरीला जातो, तिथून फ्लोटच्या केबलमधून आणि अँटेनातून जमिनीकडे, आणि लिसनमधून परत. हा करंट बोर्डातल्या बोर्डात परत फिरवायला २.२ नॅनोफॅरडचा वाय कॅपॅसिटर दिलेला होता, पण त्याचा ट्रॅक लांबलचक, ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून गेलेला. एवढ्या लांब ट्रॅकला १५ मेगाहर्ट्झला काही अर्थ उरत नाही. वाय कॅपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या पोटाखालून प्रायमरीच्या मायनसपासून सेकंडरीच्या ग्राउंडपर्यंत सरळ टाकला, फुगवटा निम्म्याहून जास्त गेला.

उरलेला कशानेच जाईना. चोकची व्हॅल्यू वाढवली, काही नाही. शेवटी चोक बोर्डावरून उचलून दोन वायरींवर लोंबकळत ठेवला आणि हळूहळू फिरवला, बोटाने नाही, लाकडी काडीने, कारण तिथे जीव घेईल एवढं व्होल्टेज आहे. एका कोनात नॉईज सपाट! म्हणजे फिल्टर नॉईज अडवतच होता, पण ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसून त्याच्याच चुंबकीय क्षेत्रातून परत उचलत होता. नवीन बोर्डात चोक ट्रान्सफॉर्मरपासून लांब, ९० अंशात वळवून, आणि फिल्टरच्या आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर एकमेकींजवळून जाणार नाही अशी मांडणी. ज्यांच्याकडे बोर्डावर जागा कमी आहे त्यांनी डबा मोठा घ्यावा, हा हट्ट फुकट जात नाही.

नवीन पीसीबी मागवला. यायला वेळ लागतोय, तोवर सर्ज.

९ जुलै

आमच्या जुन्या बोर्डात फेज टू फेज ४२० व्होल्ट एसीचे एमओव्ही (जास्तीचं व्होल्टेज स्वतःतून वळवून अडवणारा पार्ट) होते. कागदावर ४१५ ला ४२० बसतो, शेतात बसत नाही. पावसाळ्यात फीडरवर लोड नसतं आणि मध्यरात्री फेज टू फेज ४६० च्या पुढे गेलेलं आम्ही स्वतः मोजलंय. परत आलेल्या बोर्डांमधे एमओव्ही कोळसा झालेले, आणि प्रत्येक वेळी ग्राहक म्हणतो वीज पडली. वीज नव्हती, तो एमओव्ही रोज थोडा थोडा तापून गेला.

६२५ व्होल्ट एसीचा २० मिमीचा एमओव्ही घेतला. पण आता क्लॅम्पिंग, म्हणजे तो ज्या व्होल्टेजवर अडवतो ते, चांगलंच वर गेलं, हजार-सव्वा हजारावर न थांबता दीड हजाराच्या पुढे. तेवढं आत गेलं तर ब्रिज आणि मॉसफेट दोन्ही मरतील. म्हणून क्रम असा केला, आधी एमओव्ही, मग प्रत्येक फेजला २२ ओहमचा फ्लेमप्रूफ वायरवाऊंड, मग ब्रिज, मग बल्क कॅपॅसिटर. रेझिस्टर सर्जचा करंट बराच खाली आणून ठेवतो आणि उरलेलं कॅपॅसिटर गिळतो. रेझिस्टर एमओव्हीच्या आधी लावला तर तो स्वतःच फुटतो, आणि साधा कार्बन फिल्म तर लावूच नका, सर्जला तो टिकतच नाही. मॉसफेट १५०० व्होल्टचा.

सर्ज जनरेटर आमच्याकडे नाही आणि तो घरी बनवायची वस्तू नाही. १.२/५० मायक्रोसेकंदाचा पल्स, फेज टू फेज २ ओहममधून. २ किलोव्होल्टला शॉर्टमधे १००० ॲम्पियर. ते लॅबवरच.

लॅबचा वेळ बुक करताना हा हिशोब करा. फेजच्या तीन जोड्या, प्रत्येकी ०, ९०, १८०, २७० अंशावर, प्लस आणि मायनस, प्रत्येकी ५ पल्स. ३ गुणिले ४ गुणिले २ गुणिले ५, झाले १२० पल्स. मिनिटाला एक धरला तर नुसते २ तास, तेही एकाच लेव्हलचे. खालच्या लेव्हलही तपासायच्या असतात. अर्ध्या दिवसात सगळं उरकेल असं समजून कुणी सांगली-कोल्हापूरवरून निघू नये.

१६ जुलै, लॅब

नवीन बोर्ड घेऊन पहाटे निघालो. कंडक्टेड आधी. १९५ किलोहर्ट्झ आरामात खाली. फुगवटा आमच्या टेबलावर दिसत होता त्यापेक्षा ३-४ डीबी वर, तरी लिमिटच्या खाली. फरकाचं कारण लॅबमधल्या सरांनी दाखवलं, तिथे डबा उभ्या मेटलच्या भिंतीपासून बरोबर ४० सेंटीमीटरवर, लिसनपासून ८० वर, आणि थ्री फेजवर. आमच्याकडे लाकडी टेबल आणि सिंगल फेज. आता आमच्या टेबलामागे पण पत्रा उभा करणार.

ईएफटी, लाईटच्या वायरींवर ४ किलोव्होल्ट, फ्लोट आणि सीटीवर क्लॅम्पमधून २ किलोव्होल्ट, पल्सचा वेग ५ किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ दोन्ही. सगळं पास, रिले हलला नाही. थडथडणाऱ्या जुन्या कॉन्टॅक्टरवर घालवलेला वेळ इथे वसूल झाला.

सर्ज फेज टू फेज २ किलोव्होल्ट पास. मधे एकदा ९० अंशावर मोठा आवाज आला, सगळे थांबलो, पण तो एमओव्हीचा नव्हता, पॅनलच्या टर्मिनलवर उघडी राहिलेली वायरची तार आणि स्क्रूमधे ठिणगी पडली होती. फेरूल (वायरच्या टोकाची टोपी) लावून परत.

ईएसडीला मात्र अडलो. कॉन्टॅक्ट ८ किलोव्होल्टला स्क्रूंवर काही झालं नाही. एअर १५ किलोव्होल्टला गन एलईडीच्या भोकाजवळ नेली की ठिणगी भोकातून आत, एलईडीच्या पायावर, आणि कंट्रोलर रिसेट. पाणी बांधाची फट शोधतं तसं ते बरोबर फट शोधतं. आणि सिमच्या खाचेजवळ मारल्यावर वेगळाच प्रकार, कंट्रोलर चालू, रिले बरोबर, डिस्प्लेवर नेटवर्कची कांडी पण दिसतेय, पण मॉड्यूल म्हणतंय सिम नाही, आणि ते कायम तसंच. म्हणजे शेतकऱ्याला बाहेरून डबा ठणठणीत दिसणार आणि कॉल लागणार नाही. मला हा दोष हँग होण्यापेक्षाही वाईट वाटतो. रिपोर्टवर फेल.

१८ जुलै

एलईडीचे उपाय स्वस्त. एलईडी बोर्डावर ८-१० मिमी मागे बसवला, भोकात प्लॅस्टिकचा लाईट पाईप घट्ट बसवला, म्हणजे ठिणगीला हवेतला रस्ता लांब झाला. वर प्रत्येक एलईडीला सिरीज रेझिस्टर कंट्रोलरच्या बाजूला. सिमच्या लाईनींवर कमी कॅपॅसिटन्सचा टीव्हीएस ॲरे (टोचे दाबणारे डायोड), सिम सॉकेटला चिकटून, आणि सॉकेटची मेटलची टोपी चारही पायांनी ग्राउंडला. आधी एकच पाय सोल्डर होता.

सॉफ्टवेअरमधे सिमची स्थिती विचारणारी एटी कमांड आता दर मिनिटाला जाते, लागोपाठ तीनदा उत्तर चुकलं की मॉड्यूलची पॉवर तोडून परत. नुसता मॉड्यूलचा रिसेट पुरत नाही, पॉवरच काढावी लागते. त्यासाठी एक मॉसफेट वाढला.

याच दरम्यान एक जुनी तक्रार सापडली. काही ठिकाणी कॉल चालू असताना ड्राय रनवर, म्हणजे पंप पाण्याशिवाय चालतोय असं समजून, पंप बंद पडायचा. २जी मॉड्यूल दर ४.६ मिलिसेकंदाला एक झटका ट्रान्समिट करतं, म्हणजे २१७ हर्ट्झ, त्या झटक्यात २ ॲम्पियरपर्यंत ओढतं. अँटेनाची वायर सीटीच्या वायरीवरून गेली की ते आरएफ ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर डिटेक्ट होऊन करंटचं रीडिंग हलतं. शीटमधे ही टेस्ट नाही, पण पंप बंद पडतो म्हटल्यावर करायलाच हवी. सीटीच्या इनपुटला ३३ पिकोफॅरड, पिनला लागून, आणि डब्यात अँटेनाची वाट वेगळ्या बाजूने. नेटवर्क जिथे कमी तिथे मॉड्यूल पूर्ण ताकदीने ओरडतं, म्हणून हे मुद्दाम तळघरात नेऊन तपासलं. रीडिंग स्थिर.

३० जुलै, लॅब

ईएसडी पास. सिमच्या खाचेवर १५ किलोव्होल्टला एकदा सिम गेलं, मॉड्यूल आपोआप पॉवर सायकल होऊन परत नेटवर्कवर आलं. क्रायटेरिया बीमधे बसतं आणि रिपोर्टमधे तसं स्पष्ट लिहून घेतलं.

रेडिएटेड एमिशन, म्हणजे हवेतून बाहेर पडणारा नॉईज, ३ मीटरच्या चेंबरमधे, २३० मेगाहर्ट्झपर्यंत ४० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, वर ४७. डिस्प्लेच्या चपट्या केबलमुळे एक खांब लिमिटला टेकत होता. केबल अर्धी केली, तिच्या क्लॉक लाईनला कंट्रोलरपाशी ४७ ओहम टाकला, झालं.

डब्यामागे सगळे बदल मिळून ६०-७० रुपये वाढले, त्यात निम्मे मोठे एमओव्ही आणि १५०० व्होल्टच्या मॉसफेटचे. खरा खर्च नवीन पीसीबी, दुसऱ्यांदा लॅब आणि जाणं-येणं. ईएसडीची गन भाड्याने मिळते हे आधी माहीत असतं तर दुसरी लॅब फेरी टळली असती, म्हणून इथे लिहून ठेवतोय, चौकशी करा.

२ ऑगस्ट

आता राहिलं ४-११, व्होल्टेज डिप. डब्याला त्याची भीती नाही, बल्क कॅपॅसिटरमधे जवळजवळ ६०० व्होल्ट साठलेले असतात आणि डबा ३ वॅटच्या आसपास खातो, सगळे फेज गेले तरी अर्धा सेकंद तगतो. पण कॉन्टॅक्टर तगत नाही, तो काही सायकलमधेच सुटतो. म्हणजे डिपमधे पंप बंद पडलेला असतो, आणि कंट्रोलर म्हणतो पंप चालू आहे, रिले ओढलेलाच ठेवतो. सीटीवरून करंट शून्य दिसला तर रिले सोडून परत ओढायचा, पण लगेच नाही, कारण एका फीडरवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठले तर व्होल्टेज परत बसतं. प्रत्येक डब्याला त्याच्या सिरीयल नंबरवरून ३० ते १२० सेकंदातला वेगळा उशीर दिलाय. कोड आज बोर्डात टाकला, व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) डिप देऊन बघणं चालू आहे.